अक्षराची किल्ली कुणाकडे?

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला हल्ली व्याकरणापेक्षा यंत्रांविषयीच जास्त प्रश्न विचारले जातात. कोणता मोबाइल घेतला तर उर्दू नीट दिसेल? शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका टाइप करायला कोणतं सॉफ्टवेअर टाकावं? फुकटातलं सॉफ्टवेअर भरवशाचं असतं का? या प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत देता येतात, पण ती सहा महिन्यांत शिळी होतात. मॉडेल बदलतं, किंमत बदलते, कंपनी बदलते. त्यामागचा इतिहास मात्र एकदा समजला की पुढची दहा वर्षं आपली खरेदी आपल्यालाच ठरवता येते. हा इतिहास प्रोसेसर आणि मेमरीचा नाही. आपलं अक्षर छापायचं, साठवायचं आणि पुन्हा उघडायचं साधन कुणाच्या ताब्यात होतं, याचा आहे.

खिळे आणि दगड

मराठी छपाईची गोष्ट आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक असते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. पुढे देवनागरीचे शिशाचे खिळे पाडले जाऊ लागले आणि १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं असल्याने जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांच्या पेट्या असायच्या. काम किचकट होतं, पण होण्यासारखं होतं. मराठी अक्षर एका शिरोरेषेखाली सरळ ओळीत बसतं.

उर्दूचं तसं नाही. उर्दू वाचकाला जे वळण जिवाभावाचं वाटतं त्याला नस्तालीक म्हणतात. इराणमध्ये घडलेलं हे वळण दिल्ली, लखनौ, विजापूर, हैदराबादपर्यंत रुजलं. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत येतो. एकच अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून आपला आकार, उंची आणि जागा बदलतं. नुक्ते शेजारच्या अक्षराला धक्का लागू नये म्हणून इकडेतिकडे सरकतात. असं उतरतं अक्षर शिशाच्या चौकोनी खिळ्यांत कसं बसवायचं? कोलकात्यात अठराव्या शतकातच असे ठसे पाडून झाले होते, पण ते वाचकांच्या मनात कधी भरले नाहीत. अरबीसाठी वापरलं जाणारं नस्ख हे वळण खिळ्यांत तुलनेने सहज बसत होतं. मौलाना आझादांनी १९१२ साली कोलकात्याहून ‘अल-हिलाल’ काढला तो खिळ्यांच्या टाइपातच. तरीही उर्दूचा सामान्य वाचक नस्तालीक सोडायला तयार झाला नाही.

म्हणून उर्दूने दगड धरला. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डरने १७९६ साली शोधलेली शिळाछपाई म्हणजे लिथो ही उर्दूसाठी वरदान ठरली. कातिब खास शाईने पिवळ्या कागदावर मजकूर लिहायचा, तो चुनखडीच्या दगडावर उलटा उतरवला जायचा आणि दगडावरून हजारो प्रती निघायच्या. दगडावर चूक राहिली तर ती उलट्या अक्षरात दुरुस्त करणारा वेगळा कारागीर असे, त्याला संगसाज म्हणत. लखनौचे मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली सुरू केलेल्या छापखान्याने याच तंत्राने उर्दू, फारसी, अरबी ग्रंथांचा डोंगर उभा केला. एका हिंदू प्रकाशकाने छापलेले कुरआन मुसलमानांच्या घराघरांत वाचले गेले, ही आपल्या सामायिक इतिहासातली फार बोलकी गोष्ट आहे.

या व्यवस्थेत अक्षराची किल्ली कातिबाच्या हातात होती. तो आजारी पडला की वर्तमानपत्राचं पान अडायचं. पण ती किल्ली बंद नव्हती. उस्तादासमोर मांडी घालून बसणाऱ्या कोणत्याही शागिर्दाला बोरू कसा कापायचा, दायरा कसा ओढायचा हे शिकता येत होतं. शिकल्यावर तो आपलं दुकान मांडू शकत होता आणि वळणात आपली भरही घालू शकत होता. लाहोरची शैली दिल्लीहून वेगळी झाली ती अशीच. चेन्नईचं ‘मुसलमान’ हे दैनिक १९२७ साली निघालं. कॉम्प्युटर सर्वत्र पोचल्यावरही त्याचा मजकूर कातिबांच्या हातून लिहिला जात राहिला. जगभरातून लोक ते पाहायला जात.

नूरी नस्तालीक

नस्तालीक यंत्रात बसवण्याचं काम एका खुशनवीसानेच तडीस नेलं. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरं सुटी न घेता अक्षरांचे पूर्ण जोड, म्हणजे ज्यांना उर्दूत ‘तरसीमे’ म्हणतात, ते हाताने लिहून काढायचं ठरवलं. एकदोनशे नव्हे, सुमारे वीस हजार. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ते आपल्या यंत्रात भरले. वडिलांच्या नावावरून या वळणाला ‘नूरी नस्तालीक’ हे नाव मिळालं. १९८१ साली लाहोरहून निघालेल्या ‘जंग’ दैनिकाने ते वापरलं आणि नस्तालीक वळणातली बातमी कातिबाच्या हाताची वाट न पाहता पानावर आली.

सुरुवातीला हे यंत्र बड्या वर्तमानपत्रांनाच परवडणारं होतं. मग १९९४ साली दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने ‘इनपेज’ आणलं आणि तेच नूरी नस्तालीक साध्या कॉम्प्युटरवर उतरलं. मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबादच्या गल्ल्यांत उर्दू डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, मुशायऱ्याची पोस्टरं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, कवितासंग्रह हे सगळं इनपेजवर होऊ लागलं. अनेक कातिबांची रोजी गेली, तर काहींनी बोरू ठेवून माउस धरला. कौमी कौन्सिलने, म्हणजे उर्दूच्या विकासासाठी केंद्र सरकारने स्थापलेल्या परिषदेने, उर्दू डीटीपीचे संगणक वर्ग गावोगावी चालवले. उर्दू पुस्तक छापणं कधी नव्हे इतकं स्वस्त आणि झटपट झालं. इनपेजचं हे ऋण मान्य केलंच पाहिजे.

पण किल्ली मात्र हातातून गेली. कातिबाची विद्या शिकता येत होती. सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय हे पाहायची सोय नव्हती. फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की निरर्थक चिन्हांचा ढीग व्हायचा. मूळ सॉफ्टवेअरची किंमत छोट्या दुकानदाराला झेपत नसल्याने चोरीच्या प्रती सर्रास फिरल्या आणि त्यांच्यासोबत व्हायरसही फिरले.

मराठीचीही तीच गत

मराठीचं यापेक्षा बरं चाललं होतं असं समजायचं कारण नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सरकारी मानक १९९१ साली जाहीर झालं. पण बाजारात चलती होती ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या आपापल्या फॉन्टची. पुण्याची श्री-लिपी, मग आकृती, शिवाय इतर अनेक.

यातली मेख समजून घेऊ. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, तो फक्त आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता ठरलेला असावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीने स्वतःचा तक्ता केला होता. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन लिपीतल्या अक्षरांचे आकडे असत आणि फॉन्ट त्यांच्यावर ‘क’, ‘ख’चा मुखवटा चढवत असे. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडायचा आणि मराठी कादंबरीच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसायची. शिक्षकांना हे सांगायला नको. तालुक्याच्या गावी टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरवर उघडली की काय दिसतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणजे १९९० च्या दशकात उर्दू आणि मराठी या दोन्ही सख्ख्या शेजारणी एकाच प्रकारच्या कुलपात होत्या. अक्षर आपलं, मजकूर आपला, पण तो वाचण्याचा तक्ता दुसऱ्याच्या खिशात.

कुलपाविरुद्धची चळवळ छपाईपासूनच सुरू झाली

हे कुलूप फक्त आपल्या भाषांपुरतं नव्हतं. त्याविरुद्धची लढाईही एका छपाईच्या यंत्रावरूनच पेटली, हा योगायोग मोठा मजेदार आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा, अशी सुधारणा त्यांनी केली होती. नव्या प्रिंटरमध्येही ती करायची होती, पण त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिताच कंपनीने दिली नव्हती. ती ज्याच्याकडे होती त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने, कुणाला न दाखवण्याचा करार केलाय, असं सांगून नकार दिला. आपल्याच खोलीतलं यंत्र आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली.

त्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. चालवणं, आतून अभ्यासणं, वाटणं आणि सुधारून वाटणं, असे चार हक्क वापरणाऱ्याला असले पाहिजेत, ही त्याची मांडणी. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच हक्कांच्या परवान्याखाली आणला. आज जगातल्या प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. ‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यानंतर, १९९८ साली रूढ झाला.

इंग्रजीत स्वातंत्र्य आणि फुकट या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिथे या चळवळीला कायम खुलासे करावे लागतात. आपल्याकडे ती अडचण नाही. मराठीत ‘मुक्त’ वेगळं आणि ‘फुकट’ वेगळं. उर्दूत ‘आझाद’ वेगळं आणि ‘मुफ्त’ वेगळं. चोरीची प्रत मुफ्त असते, आझाद नसते. कंपनीचं एखादं ॲप फुकट मिळतं, पण ते बंद झालं की त्यातल्या आपल्या नोंदींचं काय, हे कंपनीच ठरवते. मुक्त सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फुकटही मिळतं, पण त्याचं मोल त्या चार हक्कांत आहे.

हर्फबाझ

आपलं कुलूप दोन टप्प्यांत उघडलं. पहिला टप्पा युनिकोडचा. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी मिळून एकच जाहीर तक्ता असावा या विचाराने १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात देवनागरी होती आणि अरबी लिपीसोबत उर्दूची टे, डाल, बडी ये ही खास अक्षरंही. मराठीचे बारकावे सावकाश आले. ‘ॲप’ मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यातला र वेगळा दिसला पाहिजे, हे जगाच्या तक्त्यात नोंदवलं गेलं ही मराठी माणसासाठी छोटी गोष्ट नाही.

पण तक्ता मिळाला म्हणून आकार मिळत नाही. ‘क्ष’ कसा जुळवायचा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी न्यायची, नस्तालीकचा शब्द कसा उतरवायचा, हे ठरवणारा वेगळा प्रोग्राम लागतो. पूर्वीच्या जुळाऱ्याचं आणि कातिबाचं काम आता हा प्रोग्राम करतो. असा सर्वांत प्रसिद्ध मुक्त प्रोग्राम घडवला बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने. त्यांनी त्याला फारसी नाव दिलं, ‘हर्फबाझ’. फारसीत त्याचा अर्थ खुलं अक्षर. उर्दूच्या कानाला मात्र पतंगबाजसारखं, अक्षरांशी खेळणारा असंही ऐकू येतं, आणि तेही शोभतं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांत हाच हर्फबाझ आहे. मोबाइलवर मराठी बातमी वाचा किंवा उर्दू गझल, बहुतेक वेळा दोन्हींची अक्षरं जुळवणारा हात एकच असतो.

उरला प्रश्न फॉन्टचा. लाहोरच्या संशोधन केंद्राने नफीस नस्तालीक हा मुक्त फॉन्ट केला. २००८ च्या सुमारास आलेला जमील नूरी नस्तालीक युनिकोडवर चालणारा असल्याने उर्दू संकेतस्थळांवर झपाट्याने पसरला. पण त्याचे आकार नूरी घराण्यातले असल्याने परवान्याचा प्रश्न राहिला. २०१४ साली गुगलने मोनोटाइपकडून करून घेतलेला नोटो नस्तालीक उर्दू आला, तो कुणीही वापरावा अशा परवान्याने. २०१७ साली एसआयएल या संस्थेचा अवामी नस्तालीक आला आणि त्याच वर्षी आयफोनमध्येही नस्तालीक दिसू लागलं. देवनागरीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्त आणि बलू हे सुंदर फॉन्ट खुले केले. बलूच्या उर्दू भावंडाचं नाव तर ‘बलू भाईजान’ आहे.

या विलंबाची किंमत एका पिढीने मोजली. ज्या वर्षांत मुलांच्या हातात मोबाइल आले, त्या वर्षांत मोबाइलवर उर्दू एकतर चौकोनी डब्यांत दिसायची किंवा परक्या नस्ख वळणात. मुलांनी सोपा मार्ग काढला, रोमन लिपीत उर्दू लिहायला घेतली. आज वर्गात शेर तोंडपाठ असलेली, पण तो उर्दू लिपीत लिहिताना अडखळणारी मुलं भेटतात. त्याला फक्त मुलांचा आळस जबाबदार नाही.

मग काय घ्यावं, काय वापरावं?

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे. मोबाइल दुकानातच तपासून घ्या. ‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘वाङ्मय’ हे शब्द टाइप करा. मग उर्दू कीबोर्ड लावून एक ओळ लिहा. शब्द उतरताना दिसला तर नस्तालीक आहे, सपाट ओळीत दिसला तर नस्ख. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा ही चाचणी शिक्षकाच्या जास्त उपयोगाची आहे.

कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर तीही चालते. विंडोज ८ पासून तिच्यात नस्तालीकचा फॉन्ट येतो. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि शाळांतली अनेक यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात देण्याआधी लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. काहीही न पुसता ती वापरून बघता येते. प्रिंटर चालतो का, वायफाय पकडतं का, हे तेव्हाच कळतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर असं यंत्र आणखी काही वर्षं सहज काम देतं. केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभं करून दाखवलं आहे, त्यामुळे हा प्रयोग नवखा नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नोटो नस्तालीक उंचीला फार जागा घेतो, चार पानांची प्रश्नपत्रिका पाच पानांवर जाते. अवामी नस्तालीक ज्या तंत्रावर चालतो ते फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये आहे, सगळीकडे नाही. पुस्तकाची पानं लावायला सरावलेल्या हाताला इनपेजच सोयीचं वाटतं, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या युनिकोडवर चालतात. ते वापरायचं असेल तर विकत घेऊन वापरा. दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी करून मुलांना ईमानदारीचे धडे देता येत नाहीत. मात्र मजकूर आधी युनिकोडमध्ये लिहा, मग हव्या त्या सॉफ्टवेअरमध्ये सजवा. सजावट गेली तरी मजकूर राहिला पाहिजे.

सर्वांत तातडीचं काम वेगळंच आहे. गेल्या तीस वर्षांत आपल्या गावांतल्या शायरांनी, मुख्याध्यापकांनी, छोट्या साप्ताहिकांच्या संपादकांनी जे उर्दू-मराठी लिहिलं, त्यातलं पुष्कळसं आजही जुन्या तक्त्यांच्या फाइलींत पडून आहे. त्या उघडू शकणारे कॉम्प्युटर बंद पडत आहेत, त्या टाइप करणारी माणसं म्हातारी होत आहेत. दगडावर छापलेला नवल किशोरचा ग्रंथ आजही उघडून वाचता येतो. १९९८ साली टाइप केलेला तुमच्या चाचांचा कवितासंग्रह उघडेल का, याची खात्री कोण देणार? जुन्या इनपेज आणि श्री-लिपी फाइलींचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. रूपांतरात चुका राहतात, त्या डोळ्यांनी तपासाव्या लागतात, म्हणून मूळ लेखक हयात असतानाच हे केलेलं बरं. येत्या सुटीत घरातली एखादी जुनी सीडी, एखादा धूळ खात पडलेला सीपीयू शोधा. फाइल उघडा, मजकूर युनिकोडमध्ये घ्या, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नवा मोबाइल नंतरही घेता येईल.